चिंधीचा ससा

“मग काय करू, बाबा? मारून टाकू तिला?”

रेवागिरी बाबा मठाच्या ओट्यावर बसून आपली जुनी छाटी फाडत होते. टर्र... टर्र... भगव्या कापडाच्या लांब चिंध्या त्यांच्या मांडीवर साचत होत्या. त्यांनी वर मानाजीकडे पाहिले नाही.

खाली आवळीच्या बुंध्याशी भिंगरी साखळीने बांधलेली होती. लांब पायांची, खपाटीला गेलेल्या पोटाची शिकारी कुत्री. तोंडाला लागलेले रक्त तिने केव्हाच चाटून टाकले होते आणि आता ती मजेत शेपटी हलवत होती. मानाजीला नेमके तेच सहन होत नव्हते.

सकाळी तिने सुबाना धनगराचे कोकरू मारले होते. भूक लागली म्हणून नव्हे. कोकरू धावले म्हणून. सुबाना भला माणूस. मेलेले कोकरू खांद्यावर घेऊन तो मठात आला, बाबांच्या पाया पडला आणि मानाजीकडे वळून म्हणाला, “येक डाव झालं, सोडलं. आता आमी कोकनात उतरतोय. मागारी आलो की ह्याच माळाला येनार. तवा जर हिनं दात लावला, तर मी इचाराया येनार न्हाई. माझा सोटा येईल.”

“बरोबरच बोलला तो,” बाबा म्हणाले होते.

मानाजी मूळचा इनामदारांच्या घरचा. बंदुकीशी खेळतच मोठा झालेला. धावता ससा त्याच्या हातून सुटल्याचे पंचक्रोशीत कोणी पाहिले नव्हते. मग एके दिवशी कुणाला काही न सांगता त्याने बंदूक विहिरीत टाकली आणि माळावरच्या ह्या मठाची वाट धरली. मागे वळून पाहिले नाही. पाहिले असते तर भिंगरी मागोमाग येताना दिसली असती.

बंदूक सुटली, मांस सुटले, घर सुटले. ह्या सगळ्याचा मानाजीला अभिमान होता, आणि अभिमान सुटल्याचाही थोडा अभिमान होता. सुटली नव्हती ती एवढी एक कुत्री. पिल्लू असताना तिला सदऱ्यात घालून त्याने थंडीतून घरी आणले होते. तिच्या पाठीत सोटा बसेल हा नुसता विचारही त्याला सोसवत नव्हता.

“सगळं करून पाहिलं, बाबा. उपाशी ठेवली. चाबूक ओढला. बांधून घातली. मी स्वतः एका दिवसात सोडलं सगळं, आणि हिला मात्र...”

“तू ‘थांब’ म्हणालास की ती थांबते?”

“कधीकधी.”

“आणि थांबली की मग काय होतं?”

मानाजीला प्रश्नच कळला नाही. “मग काय व्हायचं? साखळी घालतो.”

“हं...” बाबा म्हणाले, आणि त्यांनी आणखी एक चिंधी फाडली.

चिंध्यांचा गोळा झाला. गोळ्याला दोन लांब कान फुटले. बाबांनी तो दोरीला बांधला, दोरी वेळूच्या काठीला बांधली, भिंगरीची साखळी काढली आणि तिला घेऊन ते माळावर गेले.

उन्हे उतरत होती. गुडघाभर गवत पिवळे पडले होते आणि वाऱ्याबरोबर लवत होते... बाबांनी काठी फिरवली. चिंधीचा ससा गवतातून सुसाट निघाला, वळला, उडाला. भिंगरी त्याच्यामागे.

मानाजी धावत आला. “बाबा, हे तर तुम्ही तिला शिकार शिकवताय!”

“तिला ते कोण शिकवणार? ती येतानाच घेऊन आली.”

आणि एकाएकी त्यांनी ससा जमिनीवर पाडला.

“थांब,” ते म्हणाले. मोठ्याने नाही, निजलेल्या लेकराला उठवावे तसे.

भिंगरी झेपावली. ससा वर उडाला, तिच्या तोंडी नुसता वारा आला. पुन्हा ससा पडला. “थांब.” पुन्हा झेप, पुन्हा वारा. असे किती वेळ चालले कोण जाणे. मग एकदा ती थबकली. डोळ्याचे पाते लवते न लवते, तेवढीच.

“घे!” बाबा ओरडले.

ससा पळाला आणि ती अशी धावली, की गवतात नुसती एक रेघ हलत गेली. शेवटी बाबांनी तो तिला धरू दिला. तिने त्याला झटकला, लाळेने भिजवला आणि आपणहून बाबांच्या पायाशी आणून टाकला.

“थांबल्याचं बक्षीस धावणं?” मानाजी म्हणाला. “हे तर उलटंच झालं.”

“असेल... धर काठी. तू फिरव.”

“मी इथं खेळायला नाही आलो, बाबा. मी सुटायला आलोय.”

“अस्सं...” बाबा हसले. त्यांचे पुढचे दोन दात पडले होते. हसले की ते अगदी पोरासारखे दिसत.

दिवस गेले. किती, ते मठात कोणी मोजत नसे. उन्हे उतरली की तो म्हातारा गोसावी छाटी कमरेला खोचून माळावर निघे, आणि कुत्री त्याच्याभोवती उड्या मारत चाले. मानाजी ओट्यावर ध्यानाला बसे. पाठ ताठ, डोळे मिटलेले. मिटल्या डोळ्यांआड गवत सळसळत राही. दुरून आवाज येई, “थांब...” आणि सारा माळ गप्प होई. मानाजीचाही श्वास अडे. मग “घे!” आणि त्याच्या छातीतून काहीतरी उडी मारून पळत सुटे. तो ते घट्ट दाबून धरी, आणि आपली बैठक कशी मोडली नाही म्हणून मनातल्या मनात खूश होई.

कधी त्याला डुलकी लागे. डुलकीत बाबा पिवळ्या उजेडातून धावत येत, त्यांच्या पायांखाली जमीन नसे. भिंगरी हवेत तरंगत असे. एकदा त्याला गवताच्या कडेला खराखुरा ससा बसलेला दिसला. भिंगरी त्याच्यापासून हातभर अंतरावर थरथरत उभी होती, आणि बाबा तिला हळूच म्हणत होते, “थांब गं बाई, थांब...” हे स्वप्नात पाहिले की जागेपणी, ते मानाजीला सांगता आले नसते.

ऊन तापू लागले तसा त्याचा धीर सुटत चालला.

“सुबाना यायची वेळ झाली, बाबा. चिंधी निराळी आणि जिवंत कोकरू निराळं. ती कशी थांबेल?”

“मला काय ठाऊक? मी तर खेळतोय.”

“इथं माझा जीव टांगणीला लागलाय आणि तुम्ही खेळताय!”

“म्हणून तर म्हणतो, काठी धर.”

मानाजी रागाने ओट्यावर जाऊन बसला. त्या दिवशी त्याचे ध्यान काही लागले नाही.

आणि एका दुपारी माळाच्या टोकाला धूळ उठली. सुबानाची मेंढरे आली. धुळीतून घुंगरांचा आवाज येत होता, उन्हात सगळे पाण्यासारखे हलत होते. बाबा काठी घेऊन माळावर उभे होते, शेजारी मानाजी. भिंगरी मोकळी होती.

एक कोकरू कळप सोडून उधळले. समोरून, आडवे, थेट त्यांच्या पुढ्यातून.

भिंगरी सुटली.

सुबानाने सोटा उचलला आणि तो धावत निघाला.

“थांब,” बाबा म्हणाले. रोज म्हणत तसेच.

भिंगरीने पुढचे पाय जमिनीत रोवले. धूळ उडाली. कोकरू दोन उड्यांवर होते; ती सबंध अंगाने थरथरत होती... पण उभी होती. मग तिने मान वळवून बाबांकडे पाहिले.

“घे!”

चिंधीचा ससा हवेत गेला आणि भिंगरी कोकराकडे पाठ फिरवून त्याच्याकडे उधळत आली.

कोकरू आईच्या पोटाखाली शिरले. सुबानाचा सोटा खाली आला. “आयला...” एवढेच तो म्हणाला, आणि तोंडात बोट घालून उभा राहिला.

बाबांचे त्याच्याकडे लक्ष नव्हते. कुत्रीकडेही नव्हते. ते मानाजीकडे पाहत होते.

मानाजीचा डावा हात पुढे ताणलेला होता. उजवी मूठ गालाशी. डावा डोळा मिटलेला, बोट वाकलेले. कोकरू केव्हाच दिसेनासे झाले होते, तरी त्याचे हात धावत्या जनावराच्या वीतभर पुढे नेम धरून सावकाश सरकत होते.

बाबा जवळ आले. त्यांनी एका बोटाने तो ताणलेला हात खाली केला.

मानाजीने आपल्या हातांकडे पाहिले. त्याला आधी काही कळले नाही. मग कळले, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. डोळे भरून आले.

“बाबा, मी तर ती... विहिरीत...”

“टाकलीस ना. खरंच टाकलीस.”

गवतातून वारा गेला. भिंगरी धापा टाकत आली आणि तिने ओलीचिंब चिंधी दोघांच्या मध्ये टाकली.

बाबांनी वाकून तिच्या कानामागे खाजवले.

“भिंगरे... उद्यापासून ह्यालाही खेळायला घेऊ हं.”