पातेल्याच्या मापाची टोपी

"यात चूक कुठे आहे, तेवढं सांगा," वृषाली म्हणाली. "मला तर सापडत नाही."

लालशाबाबांनी टोपी हातात घेतली. उलटी केली, सुलटी केली, मग उन्हाकडे धरली. तिच्या जाळीतून समोरचा पळस दिसत होता. अंगावर पान एक नाही, नुसती फुलं.

"चूक नाही," बाबा म्हणाले.

"नाही ना?"

"नाही. टाक्याला टाका लागून आहे. माझ्या हातून आता इतकं बारीक होत नाही."

वृषालीला बरं वाटायला हवं होतं. याच वाक्यासाठी तर ती चार महिने टेकडी चढत होती. पण बाबांनी टोपी परत दिली नाही. मांडीवर ठेवली आणि तिच्याकडे नुसते बघत राहिले.

टेकडीवर एक लहानसा दर्गा होता. लालशाबाबा तिथले फकीर. पांढरा सुती दोरा आणि एक आकड्याची सुई, एवढ्यावर ते टोप्या विणत. नमाजाला जाणारे न्यायचे, तसं कुणी पाळण्यातल्या बाळासाठीही न्यायचं. माप घ्यायची त्यांची रीत मात्र जगावेगळी. टेप नाही, दोरी नाही. माणूस समोर बसून डोकं पुढे करायचा, बाबा त्यावर पंजा ठेवायचे, मग वितीनं घेर मोजायचे. त्या डोक्याला हात लागल्याशिवाय सुई हलायची नाही.

ही रीत बघून वृषाली पहिल्या दिवशी मनातल्या मनात हसली होती. संख्याशास्त्र शिकलेली मुलगी ती. वहीत चौकोन आखून टाके मांडायची. साखळी, खांब, मुका खांब, क्रोशाचे सगळे टाके तिनं पंधरा दिवसांत उचलले. आपला टाका बाबांपेक्षा बारीक येतो, हेही तिला तेव्हाच कळलं होतं, आणि ते तिनं मनाशी जपून ठेवलं होतं.

खोड एकच. दार वाजलं, कावळा ओरडला, कुणाच्या हातून भांडं पडलं, की ती दचकायची. दचकली की टाका सुटायचा. टाका सुटला की सगळंच बिघडलंय असं वाटायचं, आणि मग ती दोऱ्याचं टोक धरून ओढायची. क्रोशाचं एक बरं असतं, ओढलं की सरसर उसवतं. आठवड्याचं काम घटकाभरात पुन्हा दोरा होतं. दोरा झाला की तिला सुटल्यासारखं वाटायचं.

अशा अकरा टोप्या अर्ध्यावर उसवल्या होत्या. ही बारावी, पुरी झालेली.

"गाठ का नाही मारलीस?" बाबांनी शेवटचा मोकळा फास बोटानं दाखवला.

"तुम्ही चूक काढली असती तर उसवावी लागली असती."

"हं."

कडुनिंबाचा मोहोर वाऱ्यानं झडत होता. बारीक पांढरी फुलं टोपीत पडत होती, आणि पलीकडे भिंतीच्या उन्हाला गोधडी शिवत बसलेल्या ठकूबाईंच्या डोक्यावरही. थंडी सरली की ठकूबाई जुनी लुगडी घेऊन इथेच येऊन बसायच्या. घरात सुनेचा टीव्ही चालतो, इथे माझा हात चालतो, म्हणायच्या.

"कुणासाठी ही?" बाबांनी विचारलं.

"तुम्हाला माहीत आहे, बाबा. आईसाठी. औषधांनी केस गेले ना तिचे."

"माप कुठलं घेतलंस?"

वृषालीनं पिशवी जवळ ओढली.

"बरोबर आहे माप," ती म्हणाली.

"कुठलं?"

तिनं पिशवीत हात घातला. बराच वेळ चाचपडली. मग एक स्टीलचं पातेलं काढून चटईवर ठेवलं.

"याचं," ती म्हणाली. "घेर साधारण सारखाच असणार. मी... अंदाज बांधला."

ठकूबाईंची सुई थांबली. "अगं, ते दुधाचं आहे ना?"

बाबांनी पातेलं पालथं केलं. टोपी त्यावर चढवली. इतकी चपखल बसली की मध्ये नखही गेलं नसतं.

मग ते पातेल्यापुढे किंचित वाकले.

"सलाम, आई," बाबा म्हणाले. "झोप लागते का आताशा?"

ठकूबाई फिसकन हसल्या.

बाबा हसले नाहीत. उत्तराची वाट बघत थांबले.

"जेवण जातं का थोडंफार?"

...

"तोंडाची कडू चव गेली का?"

...

"पुरे, बाबा," वृषाली म्हणाली. आवाज चिरकला होता. ठकूबाईंचं हसणंही कुठल्या कुठे गेलं होतं.

"ही काही बोलत नाही," बाबा म्हणाले. "आईच्या डोक्याचं माप का नाही घेतलंस?"

"ती स्कार्फ काढत नाही."

"कधीच?"

"अंघोळीला काढत असेल. मावशी आली की काढते."

"म्हणजे तू असलीस की काढत नाही."

वृषालीनं पडलेली कडुनिंबाची फुलं एकेक करून वेचायला घेतली. चटईवरची संपली, तेव्हा बोलली.

"पहिल्यांदा केस गेले ना, त्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले होते. उशीवर सगळे केस पडलेले, आणि ती उठून बसलेली. मी... मी दचकले, बाबा. ओरडलेच. कप पडला हातातून." ती थांबली. "तिनं माझं तोंड पाहिलं. केस गेल्याचं रडली नव्हती ती. माझं तोंड पाहून तिनं डोक्यावर पदर ओढला. तेव्हापासून..."

बाबा थोडे पुढे सरकले.

त्यांनी हात पुढे केला आणि तिच्या डोक्यावर पंजा ठेवला.

वृषाली दचकली. खांदे वर गेले, मान आत गेली. पंजा होता तिथेच राहिला, जड आणि उबदार. पळसावर दोन साळुंक्या भांडत होत्या. त्यांचं भांडण संपलं. खांदे हळूहळू खाली आले.

"दचकलीस," बाबा म्हणाले.

"हो."

"मग?"

तिनं विचार केला. "मग काही नाही."

बाबांनी हात काढून घेतला. "आई कुठे असते या वेळेला?"

"खालीच आहे. सकाळी तपासणी होती तिची, तिकडूनच आलोय. पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून चाफ्याखाली बसलीय."

टोपी चढवलेलं पातेलं बाबांनी स्वतःकडे ओढून घेतलं.

"हे राहू दे इथे," ते म्हणाले.

पायऱ्या चाळीसच होत्या. वृषालीला त्या फार लवकर संपल्या.

आई पारावर बसून पडलेले चाफे वेचत होती. एकाचं देठ दुसऱ्यात अडकवून तिनं हातभर माळ केली होती. दोरा नाही, सुई नाही. डोक्याला निळा स्कार्फ, कपाळापर्यंत ओढलेला.

"झाली का पातेल्याची टोपी?" आईनं वर न बघताच विचारलं.

"तुला माहीत होतं?"

"चार महिने दूध कढईत तापवतेय मी. मला कळणार नाही होय? म्हटलं, पोरगी त्या पातेल्याला काय काय घालून बघतेय, बघू दे."

"आई..."

"काय गं?"

"माप घ्यायचंय. तुझं."

आईचे हात थांबले. "टेप आणलीस?"

"नाही. हातानं."

आईनं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. "दचकशील, वृषू."

"दचकेन," ती म्हणाली. "मग?"

आईनं माळ मांडीवर ठेवली. मानेमागे हात नेऊन गाठ सोडली.

वृषाली दचकली. आईनं ते पाहिलं. तिचा हात स्कार्फकडे वळला, पण त्याआधी वृषालीचा पंजा डोक्यावर पोचला होता, आणि तो तिथून हलला नाही.

हाताखाली काहीतरी होतं. मऊ, बारीक, तळव्याला गुदगुल्या करणारं. कुंडीत मेथी पेरली की चौथ्या दिवशी वरून हात फिरवावा, तसं.

"आई, केस."

"हो. पंधरा दिवस झाले."

"सांगितलं नाहीस."

"सांगायचं काय, दिसलेच असते." आईनं डोळे मिटले. "हात गार आहे तुझा. राहू दे थोडा वेळ."

वृषालीनं राहू दिला. मग वीत लावली, कानावरून मागे, मागून पुन्हा कपाळावर. एकदा मोजलं आणि चुकलं. पुन्हा मोजलं. दुसऱ्यांदा आईला हसू आलं. "डोकं आहे गं माझं, भोपळा नाही," ती म्हणाली.

वर येईस्तोवर वृषालीला दम लागला होता. आईनं तिच्या गळ्यात घातलेली चाफ्याची माळ निम्मी वाटेतच गळली होती.

चटईवर टोपी नव्हती. पातेलं सरळ ठेवलेलं होतं, ठकूबाईंनी त्यात पाखरांसाठी पाणी भरलं होतं. बाबांच्या मांडीवर दोऱ्याचा गच्च गुंडाळलेला पांढरा गोळा होता.

तिला दचकायला हवं होतं. तिनं गोळ्याकडे पाहिलं आणि समोर बसली.

"पावणेतीन विती," ती म्हणाली. "पातेल्याहून दोन बोटं कमी. डाव्या कानामागे थोडा उंचवटा आहे, तिथे सैल ठेवावी लागेल."

"ठीक."

"पण बाबा, तिचे केस यायला लागलेत. टोपी व्हायला महिना तरी जाणार. तोवर ऊन तापेल आणि डोकंही भरून येईल." ती थांबली. तोंडावर हसू होतं आणि डोळे भरले होते. "तिला ही टोपी लागणारच नाही आता."

लालशाबाबांनी सुईवर पहिला फास घेतला, गोळा तिच्या ओटीत टाकला आणि सुई तिच्या हातात दिली.

"मग आता सावकाश वीण," ते म्हणाले.