ससा झालेल्या राजकन्येचं घर

एका राज्यात एक राजा होता, आणि त्याला घरं बांधायचा भारी सोस होता. भद्रसेन त्याचं नाव. वाटेत कुणाची मोडकी झोपडी दिसली की त्याला कीव यायची, आणि मालकाला न विचारता तो तिथे चिरेबंदी वाडा उठवायचा. मनाने वाईट नव्हता हो. पण विचारायची सवय नव्हती, आणि राजाला ती लावणार कोण?

एकदा त्याने भिंगरी चेटकिणीची झोपडी पाडली. ती रानात मुळ्या आणायला गेली होती. परत येऊन बघते तर झोपडीच्या जागी वाडा. तिने वाड्याला एक फेरी मारली आणि तडक दरबार गाठला. राजा आभाराची वाट पाहत बसला होता. शेजारी त्याची नऊ वर्षांची लेक चंद्रावळ. भिंगरीने तिच्यावर चिमूटभर राख फुंकली आणि मुलीचा ससा झाला. साधासुधा नव्हे. पांढरा, दांडगा, मागच्या पायांवर उभा राहिला तर राजाच्या कमरेला लागेल एवढा.

"राजा," भिंगरी म्हणाली, "ही तुझ्या छताखाली कुशीवर अंग टाकून, पाय पसरून, निर्धास्त झोपेल त्या घडीला पुन्हा मुलगी होईल. तोवर आयुष्य सशाचं. फार तर सहा वर्षं जगेल."

राजाला वाटलं, हात्तिच्या, एवढंच ना? घर बांधण्यात आपला हात कोण धरणार?

त्याने सोनार बोलावले आणि सोन्याच्या तारांचा पिंजरा घडवला. चंद्रावळ आत बसली ती अंग चोरून. तळालाही ताराच होत्या, तिचे तळवे सोलवटून निघाले. कान ताठ केले की छताला टेकायचे. वळचणीला एक साळुंकी राहायची, राजाच्या आजोबांपासून त्या घराण्याशी बोलणारी. तिने राजाला हे सगळं सांगितलं, पण तोवर वर्ष गेलं होतं.

मग राजाने संगमरवरी महाल बांधला. भिंतींना आरसे, एकच उंच दार, दारात दोन भालदार. गुळगुळीत फरशीवर चंद्रावळीचे चार पाय चार दिशांना जायचे. ती भिंतीला चिकटून राहायची आणि राजा आला की मागचा पाय जमिनीवर आपटायची, धप्प. दरबारी मंडळींना वाटायचं राजकन्या हुकूम सोडते आहे. मंडळी लवून मुजरा करायची. काय बोलावं!

"ती भ्यालेली आहे, महाराज," साळुंकी म्हणाली. "पळायला दार एक, आणि त्यातही भाले."

अशी आणखी दोन वर्षं गेली. चंद्रावळीच्या उड्या जड झाल्या. राजाला अन्न गोड लागेना. तेव्हा साळुंकीने वेशीजवळच्या लिंबाईचं नाव सांगितलं. लिंबाई गवताच्या चटया विणायची. राजाने तिला आणवलं.

लिंबाईने दोन दिवस काहीच केलं नाही. कोपऱ्यात बसून नुसती सशाकडे बघत राहिली. तिसऱ्या दिवशी तिने मुदपाकखान्यामागची एक पडीक खोली मागून घेतली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चटया अंथरल्या. ससा लांब पसरला तरी मावेल असा लाकडी खोका ठेवला, त्याला दोन बाजूंनी दोन दारं. पाण्याला जड दगडी कुंडी, एका कोपऱ्यात मऊ मातीचं घमेलं, दुसऱ्यात वाळल्या गवताचा ढीग. भालदारांना तिने घरी पाठवलं.

चंद्रावळ खोलीत आली, सगळे कोपरे हुंगून झाले, आणि हवेत एक उडी मारून खोलीभर धावली. राजाला रडू फुटलं. पण झोपायची ती पाय पोटाशी घेऊन, डोळे उघडे ठेवून. दोन महिने गेले. राजा लिंबाईवर चिडला, तुझंही घर फुकट गेलं म्हणाला.

"घर झालं, महाराज," लिंबाई म्हणाली. "आता राहिलात तुम्ही."

राजा रोज सकाळी दरबाराआधी यायचा. जोडे वाजवत यायचा, लेकीला उचलून छातीशी धरायचा आणि रडायचा. लिंबाईने त्याला सांगितलं की सशावर वरून हात आला की त्याला घारच आली असं वाटतं.

"माझी लेक आहे ती. जवळ घेऊ नको म्हणतेस?"

"तिला येऊ द्या म्हणते."

दुसऱ्या दिवशी राजाने जोडे बाहेर काढले, मुकुट खुंटीला अडकवला आणि चटईवर पालथा पडून राहिला. हात आपणहून पुढे जातील म्हणून ते छातीखाली दाबून ठेवले. चंद्रावळीने पाय आपटला आणि खोक्यात शिरली. तो रोज येऊन पडून राहू लागला. नवव्या दिवशी तिने त्याच्या पायाचा अंगठा हुंगला. महिन्याभराने त्याच्या बाहीवर हनुवटी टेकवली. आतडं तुटत होतं बापाचं, पण तो हलला नाही.

आणि एका दुपारी, काही कळायच्या आत, ती धाडकन एका कुशीवर कोसळली. पाय पसरलेले, मान टाकलेली. मेली, असंच वाटलं राजाला. उचलायला हात झेपावला, आणि तिच्या अंगापासून वीतभर अंतरावर अडला. पोट हलत होतं. श्वास चालू होता. राजाने तो हात हळूहळू मागे घेतला, इंचाइंचाने, आणि पुन्हा छातीखाली ठेवला.

पाहतो तर चटईवर बारा-तेरा वर्षांची मुलगी झोपली होती. राजाने तिला उठवलं नाही. ऊन भिंतीवरून उतरेपर्यंत तो पाहत राहिला. मग तिने डोळे उघडले.

"चंद्रावळ," तो म्हणाला, "जवळ येऊ का?"

तिने थोडा विचार केला. "थांबा आबा, मीच येते," ती म्हणाली, आणि सरकत येऊन तिने त्याच्या बाहीवर हनुवटी टेकवली.

दुसऱ्या दिवशी राजा अनवाणी भिंगरीकडे गेला. दाराबाहेर थांबला, आणि तुला घर कसं हवं म्हणून विचारलं. होतं तसं, ती म्हणाली. वाडा उतरवून त्याच जागी तशीच झोपडी उभी राहिली, आणि कूड राजाने स्वतः लिंपला. जरा वाकडा झाला, पण भिंगरीने चालवून घेतला.

ही कहाणीही आता कुशीवर अंग टाकून, पाय पसरून निजली. तिला उचलू नका.