गेनबानं करून दिलेली ओळख

आटोळी गावात गेनबा नावाचा एक भोळा ड्रायव्हर होता. सांगितलेलं तो कधी विसरायचा नाही, तीच खरी पंचाईत.

गाडी तात्या खराड्यांची. त्यांच्या रोहिणीचं लग्न ठरलं होतं आणि नवरी आपल्याच गाडीतून कार्यालयात जाणार, असा तात्यांचा हट्ट. पण चावी एकच. ऐन लग्नात हरवली म्हणजे? म्हणून त्यांनी गेनबाला दुसरी करून आणायला धाडलं.

गेनबानं बाजारातून हुबेहूब चावी करून आणली. ती फिरली, पण गाडी काही सुरू होईना. तेव्हा तालुक्याच्या यासीनभाई चावीवाल्यानं समजावलं, की चोरी होऊ नये म्हणून चावीच्या डोक्यात चिप असते. गाडी ती चिप ओळखते, नुसते दात जुळून भागत नाही. चिपवाली चावी उद्या देतो, म्हणाला.

गेनबा परतला तर दारात रोहिणीची होणारी सासू उभी. बाई गोड हसली. गेनबा वाट अडवून म्हणाला, "नुसते दात असून भागत नाही. ओळख पटली पाहिजे." बिचारी उन्हात तिष्ठत राहिली.

तात्या धावत आले. विहीणबाईंची माफी मागून त्यांनी गेनबाला झापलं, "अरे, नवखं कुणी आलं की आधी पाणी द्यावं, मग घरच्यांशी ओळख करून द्यावी."

पटलं गेनबाला. दुसऱ्या दिवशी नवी चावी हातात पडताच त्यानं ती आधी तांब्यात बुडवली. यासीनभाईनं कपाळाला हात लावला, चावी पुसून कोरडी केली आणि कृती दाखवली. आधी जुनी चावी लावून गाडी चालू करायची, मग बंद करून लगेच नवी लावायची. जुनीच्या ओळखीवर गाडी नवीलाही घरचीच मानते. गाडी सुरू झाली आणि गेनबा हरखून गेला.

लग्नाच्या सकाळी त्यानं गाडीला झेंडूच्या माळा लावल्या आणि चहा प्यायला गेला. येऊन बघतो तर आत एक अनोळखी माणूस. घामाघूम होऊन तशीच हुबेहूब चावी फिरवतोय, आणि गाडी हूं की चूं करत नाही. गेनबाला दया आली. आधी पाणी आणून दिलं. मग चावीत चिप आहे का विचारलं. आहे, पण गाडी ऐकत नाही, म्हणाला तो.

"ऐकेल कशी? तुमची ओळखच झालेली नाही."

गेनबानं आपली चावी लावली, काढली, मग त्याची लावली. गाडी सुरू झाली. माणूस माळांसकट निघून गेला. जाताना गेनबाला नमस्कारही करून गेला, म्हणजे माणूस चांगल्या घरचा असणार.

शालू नेसून रोहिणी दारात आली. मुहूर्त तोंडावर, आणि गाडीच्या जागी नुसत्या पाकळ्या. पोरगी रडायलाच लागली. शेवटी दुधाचा टेम्पो धुतला, त्यात सतरंजी टाकली आणि नवरीला बसवून दिलं.

तात्या गेनबासमोर येऊन उभे राहिले. गेनबानं खिशातून दोन्ही चाव्या काढून दाखवल्या. चाव्या शाबूत आहेत, तात्यांनी काळजी करू नये, असंही सांगितलं.

तात्यांनी कसाबसा राग गिळला. "गेनबा, तो चोर पुन्हा दिसला तर ओळखशील का?"

"मी नाही ओळखायचो, तात्या. पण गाडी ओळखते आता त्याला. तिलाच बोलवा."