अप्पासाहेबांची डावी बाजू

बाजार समितीचे सभापती अप्पासाहेब खराडे यांनी नव्या जीपच्या टपावर झोपायचा तंबू बसवला. तो डावीकडे उघडायचा आणि शिडीही तिकडेच उतरायची. आता त्यांना गाडीच्या कडेला सावलीसाठी कापडी छत हवं होतं, तेही डावीकडेच. उजवी बाजू त्यांना लाभत नाही, असं ज्योतिष्यानं सांगितलं होतं.

"मग शिडी छतावरच आदळेल की, साहेब," गॅरेजवाली रुक्साना शिकलगार म्हणाली.

"मला शिकवू नकोस! दोन्ही डावीकडे. नाहीतर समितीचा गाळा रिकामा कर," चारचौघांत दम भरून साहेब गेले.

त्या गाळ्यावरच रुक्सानाचं घर चालत होतं. तिनं मुकाट्यानं काम उरकलं.

गाडी न्यायला साहेब लवाजम्यासह आले आणि उजवीकडे छत पाहून भडकले.

"आधी गाडीत बसा," रुक्साना म्हणाली. "तंबू कोणत्या हाताला?"

"डाव्या."

"आता खाली उतरा, पुढे या आणि गाडीकडे तोंड करा. छत कोणत्या हाताला?"

"डाव्याच. पण आता मी फिरलोय ना!"

"असं कसं, साहेब? पक्ष बदललात तेव्हा भर सभेत म्हणालात, 'मी कधीच फिरत नाही, बाजूच फिरतात.'"

लवाजम्यातलेही तोंड फिरवून हसू लागले. छत उजवीकडे आहे म्हणावं, तर आपण फिरलो हे कबूल करावं लागणार! अप्पासाहेबांनी गुमान किल्ली घेतली आणि गाळ्याचं नाव पुन्हा काढलं नाही.