तळवशीची मागली वाट

खिंडजाईच्या डोंगराला दोन वाटा. पुढून पायऱ्या, दुकानं, लाउडस्पीकरचा गोंगाट. मागून ही आमची तळवशीची वाट. एकट्यानं नाम घेत जायला शांत आहे, असं कुणीतरी सांगतं आणि तुमच्यासारखे पाहुणे येतात. शिवेवर आमची माणसं दिसली की 'रामराम' घालतात. माणसं पाठ फिरवून उभी! मग पाहुणे आमच्या नावानं बोटं मोडत वर जातात. मोडा. आता दर्शन करून उतरलाच आहात, तर बसा आणि कारण ऐकून जा.

फार मागची गोष्ट. खाली कुसवड्यात भिवरा नावाची बाई होती म्हणे. तीन लेकरं पाळण्यातच गेलेली, चौथं तापानं फणफणलेलं. तिनं नवस बोलला, की लेकराला टोपलीत घालून, टोपली कुठंही न टेकवता, तोंडातून शब्द न काढता, एकटी डोंगर चढेन आणि देवीच्या पायावर घालेन. पायऱ्यांनी जावं तर जो तो विचारणार, "काय गं, काय झालं पोराला?" आणि बोलायचं नाही म्हटलं तरी तोंडून काहीतरी निघतंच. म्हणून तिनं मागली वाट धरली.

नेमकी त्या साली पटकीची साथ. तेव्हाची रीत अशी, की गावात पटकी आली की मरीआईला टोपलीत घालायचं आणि मुकाट्यानं दुसऱ्या गावच्या शिवेत नेऊन ठेवायचं. आपली ब्याद दुसऱ्याच्या दारात! म्हणून तळवशीचे लोक काठ्या घेऊन शिवेवर बसलेले. आणि समोरून काय येतं? एकटी बाई, डोक्यावर झाकलेली टोपली, तोंडाला कुलूप.

"कुणाची तू? टोपलीत काय आहे?" सुभानजी पाटील ओरडला.

भिवराच्या अगदी ओठावर आलं होतं. एक शब्द, की वाट मोकळी. पण त्या शब्दावरच लेकराचा जीव टांगलेला. तिनं टोपली घट्ट धरली आणि नुसती मान हलवली.

"बोलत नाही सटवी! मरी घेऊन आलीय! हाणा!"

दगड सुरू झाले. एक कपाळावर बसला. दोन्ही हात टोपलीला, रक्त पुसणार कशानं? हे पुढं जाऊ देईनात, ती मागं फिरेना. ऊन कललं. टोपलीतून बारीक रडं आलं, तर हे शहाणे आणखीच भेदरले, म्हणे मरी रडतेय! शेवटी पाटलाची म्हातारी आई पुढं झाली आणि टाचा उंचावून तिनं टोपलीत हात घातला. हाताला कढत कपाळ लागलं.

"अरे मेल्यांनो, लेकरू आहे हे!"

वाट सुटली. भिवरा धावतच चढली, असं सांगतात. पुढच्या बाजूचे पुजारी म्हणतील, पोर देवीच्या पायाशी हसत उठून बसलं. म्हणू देत, त्यांना नारळ खपवायचेत. पोर वर पोचलं तेव्हा गार पडलं होतं.

दिवस बुडताना ती त्याच वाटेनं उतरली. अख्खं गाव शिवेवर मान खाली घालून उभं. पाटलानं तिच्या पायावर पागोटं ठेवलं. नवस सरला होता, आता ती बोलू शकत होती. डोक्यावरची टोपली तशीच धरून ती म्हणाली, "आता विचारा की, टोपलीत काय आहे. आता सांगते."

कुणाची छाती झाली नाही. एकेक माणूस पाठमोरा होत गेला आणि ती मधून निघून गेली.

आजही या वाटेनं कुणी एकटं आलं, की तळवशीचा माणूस काही विचारत नाही, तोंड फिरवतो. तुम्ही त्याला माज म्हणता. म्हणा. भिवरानं विचारायला सांगितलं होतं, ते अजून आमच्यातल्या कुणाला जमलेलं नाही.