हत्तीच्या पोटाला पाणी

फार पूर्वी, म्हणजे माणसं समोरासमोर बसून भांडत असत त्या काळी, एका तळ्याकाठच्या गावात एक नावाडी राहत होता. तळं मोठं होतं. एका काठाला गाव, दुसऱ्या काठाला डोंगर, आणि मधे नावाड्याची नाव. त्याच्या आज्याने वल्हवलेलं वल्हं त्याच्याकडे होतं आणि त्याला त्याचा फार अभिमान होता.

तळ्याच्या काठी एका चौथऱ्यावर दगडी हत्ती उभा होता. तो शोभेसाठी नव्हता. पावसाळा संपला, दसरा झाला, की दुसऱ्या दिवशी सगळं गाव काठावर जमायचं आणि पाणी हत्तीला कुठवर लागलं ते बघायचं. पोटाला लागलं, तर ते पोटाचं वर्ष. सगळ्यांनी मजेत राहावं. गुडघ्यालाच लागलं, तर ते गुडघ्याचं वर्ष. मग त्या वर्षी ऊस लावायचा नाही, डोंगरावर कुऱ्हाड न्यायची नाही आणि घरटी एका माणसाने आठ दिवस तळ्यातला गाळ उपसायचा. असा पूर्वजांचा नियम होता, आणि पूर्वज वारलेले असल्यामुळे त्यांच्याशी वाद घालता येत नव्हता.

गुडघ्याची वर्षं पूर्वी क्वचित यायची, पुढे ती वरचेवर यायला लागली. पाऊस पूर्वीसारखा राहिला नव्हता. यायचा तेव्हा चार दिवसांत सगळा ओतून मोकळा व्हायचा, आणि डोंगरावर त्याला धरून ठेवायला झाडं उरली नव्हती. तो डोंगरावरची मातीच तेवढी तळ्यात आणून टाकायचा.

मग गावात दोन पक्ष झाले. एक गाळवाल्यांचा. त्यांचे पुढारी अण्णा म्हणायचे, "तळ्यात गाळ भरलाय. आधी गाळ काढा." दुसरा झाडवाल्यांचा. त्यांचे पुढारी तात्या म्हणायचे, "डोंगर बोडका झालाय. आधी झाडं लावा." दोघांचंही बरोबर होतं, त्यामुळे भांडण मिटायला जागाच नव्हती.

एक बारीकशी गोष्ट मात्र सभेत कोणी काढत नसे. अण्णांच्या लोकांची गुऱ्हाळं होती आणि गुऱ्हाळाच्या चुलाणांना डोंगरावरची लाकडं लागायची. तात्यांच्या लोकांच्या कलिंगडांच्या वाड्या तळ्याकाठच्या त्या मऊ गाळातच होत्या. म्हणजे प्रत्येकाला उपाय हवा होता, पण तो दुसऱ्याच्या दारातला.

एका वर्षी पाणी पुन्हा गुडघ्यालाच लागलं. सभा सात दिवस चालली. अण्णा बोलले की तात्या उठायचे, तात्या बोलले की अण्णा. लोकांना भूक लागली, झोप आली, कंटाळा आला. तेव्हा गावात एक उंटावरचा शहाणा होता, तो उठून म्हणाला, "पाणी हत्तीपर्यंत येत नाही, एवढीच अडचण आहे ना? मग हत्ती पाण्यापर्यंत नेऊ."

गाळवाल्यांनी विचार केला, यात आपलं काही जात नाही. झाडवाल्यांनीही तोच विचार केला. ठराव एकमताने मंजूर झाला.

हत्ती ओढायला लांब आणि जाड दोर हवा होता. तसा दोर गावात एकाच्याच घरी होता, नावाड्याच्या. त्याने दिला. ओंडक्यांवरून हत्ती दहा हात खाली नेला, पाणी पोटाला लागलं, आणि पोटाचं वर्ष जाहीर झालं. गुळाचा खडा सगळ्यांना वाटला. नावाड्यालाही मिळाला. चांगला होता.

पुढच्या वर्षी पाणी हटलं. हत्ती आणखी दहा हात खाली गेला. त्यापुढच्या वर्षी पुन्हा तेच. अशी बारा वर्षं गेली आणि बाराही पोटाची गेली. चौथऱ्यावर हत्तीच्या चार पायांचे चार खळगे तेवढे राहिले. त्यांत कोंबड्या अंडी घालू लागल्या.

नावाड्याची नाव मात्र तळाला घासू लागली. आधी काठाजवळ घासायची, मग मधे गाळाचा उंचवटा झाला होता तिथेही घासू लागली. शेवटी अशी वेळ आली की निम्म्या वाटेवर उतारू आपणहून खाली उतरायचे, घोटाभर पाण्यात नाव ढकलायचे आणि पुढे जाऊन परत बसायचे. लोकांना त्याची इतकी सवय झाली, की उतरताना कोणी बोलणंही थांबवत नसे.

नावाडी सभेत गेला. म्हणाला, "माझी नाव तळाला लागते."

"नाव जड झाली असेल," अण्णा म्हणाले.

"हत्तीच्या पोटाला पाणी आहे," तात्या म्हणाले, "आणि तुझ्या नावेला नाही, असं कसं होईल? तू नक्की कोणाचा? गाळवाला की झाडवाला?"

"मी नाववाला."

"असा पक्ष नाही," दोघंही म्हणाले. बारा वर्षांत त्यांचं एकमत झालेली ही दुसरी गोष्ट.

पालथ्या घड्यावर किती दिवस पाणी घालणार? नावाडी घरी आला आणि बायकोला म्हणाला, "अगं, या गावाचं काही खरं नाही. आपण डोंगरापलीकडच्या राज्यात जाऊ. परवा तिकडून आलेला तो कासार सांगत होता ना, तिकडच्या घाटाच्या सगळ्या पायऱ्या बारा महिने पाण्यात असतात. तिथली सभा शहाणी आहे म्हणे."

नावाडीण भाकऱ्या थापत होती. ती म्हणाली, "कासार बांगड्या विकतो. त्याला घाटाचं काय कळतं?"

"तू उगाच खोडा घालू नकोस."

"मी कुठे घालते? तुम्ही पुढे जाऊन बघून या. चांगलं असलं तर मी येते मागून." आणि तिने सहा भाकऱ्या, ठेचा आणि कांदा फडक्यात बांधून दिला.

नावाडी जाणार ही बातमी गावभर झाली. सकाळी अण्णा हळूच येऊन म्हणाले, "तिकडे उसाला पाणी असलं तर कळव हो. सहज विचारतोय." ते जातात न जातात तोच तात्या आले. "तिकडे कलिंगडं होतात का बघ. कोणाला बोलू नकोस." नावाडी मनात म्हणाला, वा, ज्यांच्यामुळे निघालो तेही मागून येणार. त्याने वल्हं खांद्यावर टाकलं. नाव कुठेही मिळेल, वल्हं मिळत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. तळ्याला वळसा घालून तो डोंगराला लागला, आणि तळ्याकडे त्याने वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पाय निघाला नसता, हे त्याला पक्कं माहीत होतं.

चढ मोठा होता. डोंगरावर सावलीला एक झाड उरलेलं नव्हतं. घामाघूम होऊन तो खिंडीत पोचला आणि एका मोठ्या खडकाच्या आडोशाला टेकला. तेवढ्यात पलीकडच्या बाजूने एक माणूस वर आला. त्याच्याही खांद्यावर वल्हं होतं.

दोघं एकमेकांच्या वल्ह्याकडे बघत राहिले. त्या बोडक्या खिंडीत ओंजळभर पाणी नव्हतं.

"राम राम," तो माणूस म्हणाला. "कुठे निघालात पाव्हणं?"

"तुमच्याकडे. तुम्ही?"

"मी तुमच्याकडे. आमच्याकडे काही राम राहिला नाही बघा. तुमच्या तळ्यात हत्ती आहे ना? बारा वर्षं सलग त्याच्या पोटाला पाणी लागलंय म्हणे. एका कासाराने सांगितलं."

नावाड्याने फडकं सोडून भाकरी मोडली. मनात तो हिशेब करत होता. खरं सांगावं तर गावाचं नाक कापलं जातं. न सांगावं तर आपलं काय जातं? आपण तर गाव सोडूनच निघालो आहोत. ज्याचं त्याने बघावं.

मग चढावर आणखी माणसं दिसली. डोक्यावर गाठोडं घेतलेली एक बाई, तिचा पदर धरून दोन पोरी आणि मागे एक गाढव. गाढवाच्या पाठीवर जातं होतं. कोणी चार दिवसांसाठी जातं नेत नाही. धाकटी पोर वर येताच बापाला म्हणाली, "बाबा, हत्तीच्या पोटाला पाणी म्हणजे माझ्या किती वर?"

आता मात्र नावाड्याला राहवेना. तो मान खाली घालून म्हणाला, "पाव्हणं, आमचा हत्ती चालतो."

"दगडाचा आहे ना?"

"दगडाचाच. ठराव झाला की चालतो. दर वर्षी दहा हात."

पाहुण्याने आपलं वल्हं खाली ठेवलं आणि म्हणाला, "आमच्या घाटाला एकवीस पायऱ्या आहेत. दर वर्षी पाणी एक-दोन पायऱ्या उतरतं. आणि आमची सभा दर वर्षी ठराव करते की उघडी पडलेली पायरी यापुढे पायरी धरायची नाही. आता मोजायला तीन उरल्यात. तिन्ही पाण्यात आहेत."

म्हणजे कासार दोन्हीकडे खरंच बोलला होता. दोघंही हसू लागले, आणि इतके हसले की शेवटी डोळ्यांत पाणी आलं. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात ते काही उगाच नाही. डोळे पुसून नावाड्याने आपलं वल्हं जवळ ओढून घेतलं. आपण कुठे जाणार होतो आणि आता कुठेच जायचं नाही, हे हळूहळू त्याच्या ध्यानात येत होतं, आणि ते फार जड होतं.

पाहुण्याची बायको मात्र हसली नव्हती. गाठोडं उतरवून ती नावाड्याला म्हणाली, "दादा, हे तुम्ही तुमच्या सभेत बोललात?"

"बोललो की. माझी नाव तळाला लागते, म्हणालो."

"ते तुमच्या नावेचं झालं. हत्ती हलवलाय, हे बोललात?"

"ते सगळ्यांना माहीतच आहे."

"मग कोणीच बोललं नसेल. हत्ती ओढला कोणी?"

"सगळ्यांनी."

"आणि दोर कोणाचा?"

"माझा," नावाडी म्हणाला. त्याला आणखीही एक गोष्ट आठवली. गुऱ्हाळांना लागणारी लाकडं तळं ओलांडून येत. ती कोणाच्या नावेतून येत होती?

त्याने उरलेल्या भाकऱ्या पोरींना दिल्या. पाहुण्याची बायको गाढवाचं तोंड वळवत नवऱ्याला म्हणाली, "चला. घर भाच्याला दिलंय, त्याची चूल पेटायच्या आत पोचू." मग दोन वल्ही दोन बाजूंनी डोंगर उतरली.

नावाडी घरात शिरला तर भांडी फळीवर जागच्या जागी. "तू बांधाबांध केलीच नाहीस?" त्याने विचारलं.

"तुम्ही सहाच भाकऱ्या नेल्या होत्या," नावाडीण म्हणाली. "हातपाय धुवा."

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी गाव काठावर जमलं. पाणी हटलेलं होतं. ठराव झाला, आणि नेहमीप्रमाणे नावाड्याकडे दोर मागितला.

"दोर देणार नाही," नावाडी म्हणाला.

तो हत्तीपाशी नव्हताच. वर जुन्या चौथऱ्यावर, चार खळग्यांच्या मधे उभा होता. सगळ्यांना त्याच्याकडे मान वर करून बघावं लागलं.

"हत्ती इथे होता," तो म्हणाला. "पहिल्या वर्षी तो माझ्या दोराने हलला. डोंगरावरच्या मोळ्या माझ्या नावेतून आल्या. गुळाचा खडा मीही खाल्ला. आता यात तुमचं कोणाकोणाचं काय, ते तुम्ही बघा. माझं मी सांगितलं."

अण्णा आणि तात्या दोघंही बोलायला उठले होते. पण स्वतःवर दोष घेणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. तशी सवयच नव्हती. शेवटी अण्णा म्हणाले, "अरे, पण आपल्या हत्तीचं पलीकडच्या राज्यात नाव आहे."

"आहे ना," नावाडी म्हणाला. "त्या नावाच्या भरवशावर एक माणूस घर मोडून निघाला होता. दोन पोरी होत्या बरोबर. धाकटी विचारत होती, पाणी माझ्या किती वर असेल. अण्णा, तिला काय सांगायचं होतं तेवढं सांगा. मग दोर देतो."

अण्णा खाली बसले. तात्याही बसले. मग मागून एक म्हातारी म्हणाली, "माझ्या जावयाचं गुऱ्हाळ आहे. दोन चुलाणांचं काम एका चुलाणावर भागेल." कोणीतरी म्हणालं, "माझी वाडी गाळात आहे. कलिंगडं निघाली की सोडतो." त्या दिवशी सभा किती वाजता संपली ते कोणाला कळलंच नाही.

नावाड्याने दोर दिला. हत्ती उतरवायला वर्षाला एक दिवस लागायचा, चढवायला सगळं गाव अकरा दिवस खपलं. एकशेवीस हात चढ होता. प्रत्येक हाताला लोकांना कळत होतं की आपण केवढं लपवलं होतं. हत्ती चौथऱ्यावर बसला, पाय खळग्यांत बसले, आणि तिथून पाणी इतकं लांब दिसलं की गुडघ्याचं वर्षसुद्धा म्हणता येईना. गावाने गाळही उपसला आणि रोपंही लावली. खिंडीच्या पलीकडून घमेल्यांचा आवाज यायचा. तिकडेही कोणीतरी एकवीस पायऱ्या मोजायला घेतल्या होत्या.

पाणी काही धावत आलं नाही. दोन वर्षं तर फरकच पडला नाही, आणि उंटावरचा शहाणा "मी सांगत होतो" म्हणत हिंडला. सहाव्या वर्षी दसऱ्याला हत्तीची नखं ओली झाली.

त्या आठवड्यात अण्णा पलीकडच्या काठाला निघाले होते. नावेत समोर बसलेल्या तात्यांशी त्यांचा वाद चालू होता, कारण वाद काही कोणी बंद केला नव्हता. नाव निम्म्या वाटेवर आली. सवयीप्रमाणे अण्णांनी बोलता बोलता धोतर वर खोचलं, नाव ढकलायला पाय बाहेर टाकला, आणि ते गळ्यापर्यंत पाण्यात गेले.

नावाड्याने आज्याचं वल्हं पुढे केलं. ते धरून, खोकत, निथळत अण्णा वर आले. "अरे, बुडालो असतो की मी," ते म्हणाले.

"हो ना, अण्णा," नावाडी म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. "किती वर्षांनी."

तात्पर्य: गाव सोडून जायचं असेल तर खुशाल जावं, पण निघण्याआधी गावाच्या खोटेपणाला बांधलेला आपला दोर तेवढा सोडवून घ्यावा. पुष्कळदा मग जावं लागत नाही.