एक पाणी म्हणजे केवढं?

एका गावात एक पाटील होता आणि त्याला आपल्या जिभेचा भारी अभिमान होता. गावामागच्या डोंगरावर वेगळ्या बोलीची माणसं राहत. ती बोली गावात एकट्या पाटलाला येई. येई म्हणजे काय, बाजारहाट निभेल इतपत. पण सांगताना असं सांगे, जणू पाळण्यातच शिकला होता.

एका वर्षी पावसाने अर्ध्यावरच पाठ फिरवली. गहू वीतभर वर आला आणि विहिरींत फक्त प्यायपुरतं उरलं. अजून दोन पाणी मिळाली तर गहू हाती येणार, नाहीतर वर्षभर गावाच्या चुली थंड. डोंगरावरच्या ओढ्यात मात्र पाच डोह काठोकाठ भरलेले. पाटील वर गेला आणि तिथल्या म्हाताऱ्या नाईकापुढे बसला.

"नाईक, आमच्या गव्हाला पाणी द्या."

नाईकाने ओढ्याकडे पाहून बराच विचार केला. "दोन पाणी घे, पाटला," तो म्हणाला.

पाटलाला आनंद मावेना. हवं होतं तेवढंच मिळालं की. गावाने पाट खणला, साऱ्या शिवाराला पहिलं पाणी दिलं. गहू पोटरीत आला, ओंबी धरू लागला, तसं दुसरं सुरू केलं. अर्धं शिवार भिजतंय न भिजतंय तोच पाट आटला. वरच्या लोकांनी दगड टाकून तो बुजवला होता.

गाव खवळलं. नाईकाने शब्द फिरवला, असं म्हणत माणसं काठ्या घेऊन डोंगर चढली. बोलणी पाटलाची, म्हणून पाटील सगळ्यांत पुढे.

"दोन पाणी कबूल केली होतीत," तो गरजला. "एकच झालंय. दुसरं अर्ध्यावर आहे."

"दोन दिली," नाईक म्हणाला. "तू तिसऱ्यात हात घातलास. ते आमच्या गुरांचं, पुढची दोन आमच्या प्यायची."

"खोटं बोलता."

नाईकाचा चेहरा उतरला. जन्मात त्याला कुणी असं म्हटलं नव्हतं. तरी दारात आलेली माणसं तहानलेली होती. पुढच्या चौघांकडे पाहून तो सुनेला म्हणाला, "पोरी, चार पाणी आण."

सून भोपळ्याचे चार तुंबे भरून घेऊन आली.

पाटलाने तुंबा तोंडाला लावला आणि तसाच थबकला. चार पाणी. म्हणजे चार तुंबे. पाठीमागे गाव काठ्या घेऊन उभं होतं. मुकाट्याने घोट गिळून 'हाणा रे' म्हटलं असतं, तर डोकी फुटली असती आणि त्याचा मान तेवढा शाबूत राहिला असता. त्याने तुंबा खाली ठेवला.

"नाईक, तुमच्यात एक पाणी म्हणजे केवढं?"

"आपल्या काठात वेगळं राहतं ते एक. हा तुंबा एक. तो डोह एक. पानावरचा थेंबसुद्धा एकच. तुमच्यात?"

"आमच्यात सगळं शिवार एकदा भिजलं की एक."

नाईकाने ओढ्याकडे बोट दाखवलं. "मग तू डोह मोजलेच नाहीस?"

"नाही मोजले." पाटील गावाकडे वळला. "काठ्या टाका. यांनी शब्द पाळलाय. बोली येते म्हणून मीच मिरवत होतो, ती मला येत नव्हती. चूक माझी आहे."

नाईकाने डोहाकडे पाहिलं. "तिसऱ्यात उरलंय ते गुरांना पुरायचं नाही," तो म्हणाला, "पण तुझ्या गव्हाला पुरेल. ने."

"आणि तुमची गुरं आमच्या विहिरीवर येतील," पाटील म्हणाला. पाटातले दगड त्याने स्वतः काढले.

गहू झकास आला. मळणीच्या दिवशी नाईक खळ्यावर उतरला.

"पाटला, आम्हाला तीन गहू दे."

पाटलाने ते गावाला सांगितलं, तसा खळ्यावर हशा पिकला. तीन दाणे न्यायला म्हातारा एवढा डोंगर उतरला होय? पाटील मात्र हसला नाही.

"आधी सांगा नाईक, एक गहू केवढा?"

नाईकाने समोरच्या उंच राशीवर हात ठेवला. "ही रास एक."

पाटलाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याची ती गत बघून म्हातारा पोट धरून हसला आणि काखेतली टोपली पुढे करत म्हणाला, "ही टोपली भरली तरी एकच. तू विचारलंस, म्हणून टोपली."

तात्पर्य एवढंच: किती ते ठरवण्याआधी, एक कशाला म्हणायचं ते समोरच्याला विचारून घ्यावं.